उष्णता जाणार कुठून, ते आधी विचार

बंगळूर

चि. मुक्तास,


कॉलेजच्या उपग्रहात तुझ्याकडे तापमानाचं काम आलं, असं ताईने फोनवर सांगितलं. ‘बाकीच्यांना कॅमेरा आणि रेडिओ, मला मात्र रंग आणि पट्ट्या’ म्हणून तू फुगून बसलीस म्हणे! म्हणूनच हे पत्र.

वर हवा नाही, त्यामुळे पंख्याचा उपयोग नाही. सर्किटची उष्णता धातूतून पृष्ठभागापर्यंत यायची आणि तिथून किरणांच्या रूपाने बाहेर पडायची, एवढी एकच वाट. कुठलाही भाग हातात घेतलास की तो किती तापेल याच्याही आधी त्याची उष्णता जाणार कुठून, हे विचार.

यात नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस. चकचकीत ॲल्युमिनियम उन्हात गार राहील असं वाटतं ना? ते ऊन कमी शोषतं हे खरं, पण शोषलेली उष्णता बाहेर टाकायला त्याहून कंजूष. म्हणून अवकाशात ते काळ्या रंगापेक्षाही जास्त तापू शकतं. पांढरा रंग ऊन परतवतो आणि आतली उष्णता सढळ हाताने सोडतो. पण अतिनील किरणांनी तो हळूहळू काळवंडतो. तेव्हा नव्याकोऱ्या रंगाच्या आकड्यांवर थांबू नकोस, मोहिमेच्या शेवटच्या दिवसाचंही गणित मांड.

थंडीही तितकीच छळते. तुमची फेरी साधारण दीड तासाची, त्यात अर्ध्या तासाहून अधिक सावली. लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर कायमची खराब होते. तिला हीटर लावणार असशील, तर त्याची वीज कुठून येणार हे वीज सांभाळणाऱ्यांशी आत्ताच बोलून घे.

आणि चांद्रयान-१ मुळापासून वाच. २००८च्या नोव्हेंबरात ते चंद्राभोवती १०० किलोमीटरवर फिरू लागलं. वरून सूर्य, खालून शंभर अंशांपलीकडे तापलेली चंद्राची जमीन. आतलं तापमान पन्नास अंशांच्या घरात गेलं. यान थोडं वळवून, काही उपकरणं बंद ठेवून वेळ निभावली. मे २००९मध्ये कक्षा २०० किलोमीटरवर नेली. मोहीम दोन वर्षांची ठरली होती, पण २९ ऑगस्ट २००९ला संपर्क तुटला. चंद्राची झळ अपेक्षेपेक्षा जास्त निघाली होती.

तुझ्या उपग्रहाखाली पृथ्वी आहे. तीही सुमारे ३० टक्के ऊन परतवते, शिवाय स्वतःची उष्णता सोडते. ती हिशेबात धर. अडचणीच्या वेळी कोणतं उपकरण आधी बंद करायचं, हेही आजच ठरवून ठेव.

आता एक काम. प्रत्येक सर्किट कार्ड किती वॉट खातं, याचा तक्ता करून मला पाठव. त्यासाठी सगळ्यांच्या मागे लागावं लागेल, कुणी वैतागेलही. तरी विचारायला लाजू नकोस. त्यांच्या आकड्यांशिवाय तुझं गणित सुरूच होणार नाही.

तुझा,
मामा