हिमस्फटिकांचे छायाचित्रण
(सामान्य विज्ञान : इयत्ता ५ वी ते ७ वी)

उद्देश : महाराष्ट्रातील खेड्यांतल्या मुलांना गारा परिचित असतात, हिमवर्षाव मात्र बहुतेकांनी पाहिलेला नसतो. त्यामुळे ‘हिमाचे स्फटिक षट्कोनी असतात’ हे पुस्तकातील वाक्य ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. क्षणात वितळणारी ही वस्तू मनुष्याने कशी न्याहाळली, हे समजल्यास त्या वाक्यास अर्थ येतो. निरीक्षण, चिकाटी व नोंदीचा प्रामाणिकपणा यांचा संस्कार करणे, हा या पाठाचा खरा हेतू होय.

विषयप्रवेश : शिक्षकांनी प्रथम मुलांचा अनुभव विचारावा. गार हातात धरली असता तिचे काय होते? ती विरघळण्यापूर्वी तिची आकृती टिपून ठेवावयाची झाल्यास कोणती युक्ती करावी लागेल? मुलांची उत्तरे फळ्यावर लिहावीत व मगच पुढील हकीकत सांगावी.

निरूपण : हिमकणाला सहाच कोपरे का असतात, हा प्रश्न केप्लर या ज्योतिर्विदाने १६११ साली एका छोट्या पुस्तिकेत मांडला होता. परंतु हिमकणांचे हुबेहूब चित्र मिळविण्याचे काम पुढे ज्याने आयुष्यभर केले, तो एक साधा शेतकरी होता. विल्सन बेंटली याचा जन्म १८६५ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, जेरिको या गावी झाला. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती. वयाच्या सुमारे चौदाव्या वर्षापर्यंत त्याचे शिक्षण तिनेच घरी केले. तिच्याजवळ एक लहान सूक्ष्मदर्शक यंत्र होते. त्याखाली मुलाने हिमकण पाहिला आणि त्याचे चित्र काढण्याचा छंद घेतला. पण चित्र पुरे होण्यापूर्वीच कणाचे पाणी होई.

छायाचित्र घेतल्याशिवाय हे साधणार नाही, असे त्याला वाटू लागले. वडिलांना हा खटाटोप निरर्थक वाटे; तरीही त्यांनी मोठा खर्च सोसून कॅमेरा व चांगले सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन दिले. दोन्ही यंत्रे जोडून, अनेक प्रयत्न फसल्यानंतर, १५ जानेवारी १८८५ रोजी त्याला हिमस्फटिकाचे पहिले चांगले छायाचित्र मिळाले. त्या वेळी त्याला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्याची पद्धत मुलांना क्रमाने सांगावी. काम अर्थातच शेकोटी नसलेल्या थंड खोलीत चाले. एका काळ्या फळीवर तो पडते हिम झेली. फळीस तारेच्या मुठी असत, म्हणजे हाताची ऊब तिला लागत नसे. त्यातील चांगला कण बारीक काडीने उचलून तो काचपट्टीवर ठेवी आणि पक्ष्याच्या पिसाने हलकेच दाबून बसवी. श्वासाच्या उष्णतेने कण वितळू नये म्हणून श्वास रोखून धरी. कॅमेऱ्याचे तोंड खिडकीकडे असे व प्रकाश कणाच्या मागून येई.

अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे त्याने घेतली. एकसारखे दोन स्फटिक आपणांस आढळले नाहीत, असे त्याने नोंदविले. छायाचित्रांच्या प्रती तो थोड्याशा किमतीत शाळांना व अभ्यासकांना देत असे. हम्फ्रीज या हवामानशास्त्रज्ञाच्या साहाय्याने दोन हजारांहून अधिक छायाचित्रांचा त्याचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी २३ डिसेंबर रोजी तो न्यूमोनियाने मरण पावला.

चिकित्सा : येथे शिक्षकांनी थोडे थांबावे. बेंटलीच्या चित्रांतील काळी पार्श्वभूमी मूळची नव्हे. काचेच्या प्रतिलिपीवरील स्फटिकाभोवतालचा थर चाकूने खरवडून ती तो तयार करी. जर्मनीतील काही अभ्यासकांनी या रीतीवर आक्षेप घेतला. शिवाय तो सुरेख, सुबक कण निवडून घेई. प्रत्यक्षात पुष्कळसे हिमकण मोडके, वेडेवाकडे किंवा एकमेकांस चिकटलेले असतात. तेव्हा केवळ ही चित्रे पाहून ‘सर्व हिमकण असेच असतात’ असे म्हणणे चुकीचे ठरेल. काम मोठे असले तरी त्याची मर्यादा सांगणे हा त्या कामाचा अवमान नव्हे, हे मुलांना या उदाहरणावरून पटवावे.

शास्त्रीय कारण : बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी मांडणीत रचले जातात, म्हणून स्फटिकास सहा बाजू येतात. जपानमधील होक्काइडो येथे उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञाने १९३६ साली प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमस्फटिक वाढविला. हवेचे तापमान व बाष्पाचे प्रमाण यांनुसार आकार बदलतो, असे त्याने दाखविले. शून्याखाली सुमारे ५ अंशांवर बारीक सुया व स्तंभ, तर सुमारे १५ अंशांवर फांद्याफांद्यांच्या चांदण्या तयार होतात.

प्रत्यक्ष कृती : हिम नाही म्हणून हा पाठ कोरडा राहावयास नको. बेंटलीने पावसाचे थेंबही मोजले होते व ती माहिती १९०४ साली प्रसिद्ध केली होती. त्याचे साधन म्हणजे पीठ. एका ताटात चाळलेले कोरडे गव्हाचे पीठ बोटाच्या पेराइतके जाड पसरावे. पाऊस पडत असता ताट दोनचार सेकंद बाहेर धरून लगेच आत घ्यावे. प्रत्येक थेंबाची एक गोळी होते. गोळ्या सुकल्यावर पीठ चाळून त्या वेगळ्या कराव्यात. सारख्या आकाराच्या दहा गोळ्या पट्टीशेजारी ओळीने लावून लांबी मोजावी व तिला दहाने भागावे. रिमझिम व मुसळधार पावसाच्या गोळ्या वेगवेगळ्या कागदांवर चिकटवून तारीख व वेळ लिहावी. बेंटलीला आढळलेले सर्वांत मोठे थेंब सुमारे पाव इंचाचे होते. मुलांनी आपल्या गोळ्यांशी त्यांची तुलना करावी. पीठ मुलांच्या घरून मागवू नये.  सुबक गोळ्यांबरोबर वेड्यावाकड्या गोळ्यांचीही नोंद ठेवण्यास सांगावे.

उजळणीचे प्रश्न :
१. काळ्या फळीस तारेच्या मुठी कशासाठी होत्या?
२. केवळ सुंदर नमुने निवडल्याने कोणती चूक संभवते?
३. कोणत्या पावसाच्या गोळ्या मोठ्या आढळल्या?

समारोप : बेंटलीच्या गावी प्रयोगशाळा नव्हती. एका शिक्षिकेने आपले जुने यंत्र मुलाच्या हाती दिले व त्याला पाहू दिले, एवढीच या कार्याची सुरुवात होती. खेड्यातील शाळेत यंत्र नसेल. परंतु ताट, पीठ, पट्टी व पाऊस आहेतच. त्यांच्या साहाय्याने मुलास स्वतः पाहावयास लावणे, हे शिक्षकाच्या हाती आहे.