दुर्बीण घेतेस? आधी मामाचं ऐक

भाचीबाई, दिवाळीला जमलेल्या पैशांतून दुर्बीण घेणार म्हणे. तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, अन् सांगताना सूर "मामाच्याच वळणावर गेली" असा होता. असू दे. यावलच्या गच्चीवर मी पहिली दुर्बीण लावली त्या रात्री मला चंद्रसुद्धा सापडला नव्हता, आणि पौर्णिमा होती. तेव्हा पुढचं सगळं फजितीतून आलेलं आहे.

१. आधी एक हिवाळा नुसत्या डोळ्यांनी आकाश बघ — ज्याला बांध ठाऊक नाही, त्याला रात्री विहीर सापडत नाही.

२. मृग बघायचं तर जानेवारीत, जूनमध्ये नाही — मृग 'लागतं' तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, मग ते दिसेल कसं? तुझ्या आजोबांनी जन्मभर मृगावर पेरण्या केल्या, आकाशातलं मृग मी दाखवलं तेव्हा म्हणाले, "हे होय ते!"

३. सातपुड्याकडे तोंड करून हात लांब कर अन् मुठीवर मूठ ठेव. दोन मुठींच्या किंचित वर ध्रुव सापडेल — यावलचा अक्षांश २१ अंशांच्या जरा वर, ध्रुवाची उंचीही तेवढीच, आणि एक मूठ साधारण १० अंशांची.

४. पैसे फारच थोडे असतील तर १० × ५० चं बायनॉक्युलर घे — कृत्तिका त्यात दुर्बिणीपेक्षा देखण्या दिसतात, आणि कोपर भिंतीला टेकवलंस तर गुरूचे चंद्रही. हौस विरलीच तर मनुदेवीला गेल्यावर पक्षी बघता येतील.

५. खोक्यावरच्या '५०० पट'ला भुलू नकोस — भिंगाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट, म्हणजे ७० मिलिमीटरला १४०, अन् तेही हवा शांत असेल त्या रात्री. वरणात पाणी घालून पंगत वाढते, चव नाही.

६. दुकानात पहिला प्रश्न पुढच्या भिंगाच्या रुंदीचा विचार — अंधारात डोळ्याची बाहुली जेमतेम ७ मिलिमीटर उघडते (माझी आता तेवढीही नाही), ७० मिलिमीटरचं भिंग तिच्या शंभरपट उजेड गोळा करतं.

७. पहिल्या खेपेला ७० मिलिमीटर रुंदीची, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगाची दुर्बीण पुरे — १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओनं गुरूचे चंद्र पाहिले ते साधारण वीसपट दाखवणाऱ्या नळीतून, अन् तिचं उघडं भिंग तुझ्या भिंगाच्या निम्म्याहूनही लहान होतं.

८. भागाकार दुकानातच कर: ७०० भागिले आयपीसवरचा आकडा — २५ चा आयपीस २८ पट देतो, १० चा ७० पट. सोबत फुकट मिळालेला ४ चा आयपीस खोक्यातच राहू दे, फुकटाचा पाहुणा म्हणून.

९. आता पायांचं, अन् हे नीट ऐक. स्वस्त दुर्बिणीचं भिंग सहसा बरं असतं, दगा तिवई देते. माझ्या पहिल्या दुर्बिणीची तिवई इतकी बारीक होती, की श्वास सोडला तरी शनी नाचायचा. मी वर्षभर भिंगाला शिव्या दिल्या, आणि दोष होता तीन काड्यांचा. केळी लावणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे कळायला नको होतं का? घड मणाचा अन् टेकू बोरूचा, मग वाऱ्याला का रडायचं? म्हणून दुकानातच लांबच्या पाटीवर नळी रोख, तिला टिचकी मार आणि मोज — तीन आकड्यांत चित्र थांबलं नाही, तर नमस्कार करून बाहेर ये.

१०. तिवईचे पाय पूर्ण लांबवू नकोस, स्टुलावर बसून बघ. मधल्या दांड्याला दगडांची पिशवी टांग — पाय जितके आखूड तितका थरकाप कमी, आणि मानही वाचते.

११. आरशाची दुर्बीण हातभर लांब अन् वर नाभीय अंतर १००० लिहिलेलं, अशी टाळ — आत आयपीसच्या नळीत जास्तीचं भिंग बसवून अंतर वाढवलेलं असतं, आणि तिचा आरसा जुळवताना नवखा माणूस रडकुंडीला येतो.

१२. मोठीच घ्यायची असेल तर १३० ते १५० मिलिमीटर आरशाची, लाकडी फिरत्या पेटीवरची डॉब्सनियन बघ — पैसे आरशात जातात, नखऱ्यात नाही. स्कूटीवर मात्र मावणार नाही.

१३. शोधक दुर्बीण भर दिवसा, लांबच्या टॉवरवर रोखून मोठीशी जुळवून ठेव — हे केलं नाही म्हणून माझा पौर्णिमेचा चंद्र हरवला होता.

१४. टॉवर उलटा दिसला तर घाबरू नकोस — आरशाची दुर्बीण उलटंच दाखवते, भिंगाची बहुधा डावं-उजवं करते. मी दुकानदाराशी भांडून आलोय. तो बिचारा चहा पाजून हसत होता.

१५. सूर्याकडे दुर्बीण रोखायची नाही, कधीच नाही. आयपीसला लावायचं काळं भिंग सोबत मिळालं तर त्याच दिवशी फेकून दे — गोळा झालेल्या उन्हानं ते तडकतं, अन् डोळा जायला क्षण पुरतो. हे एकच कलम मी चेष्टेत सांगत नाहीये.

१६. चंद्र चतुर्थीपासून अष्टमीपर्यंत बघ, पौर्णिमेला नको — तिरप्या उन्हात विवरांच्या सावल्या पडतात. पौर्णिमेला सगळं सपाट, चुना फासल्यासारखं.

१७. शनीची कडी बारीक दिसली म्हणून दुर्बिणीला नावं ठेवू नकोस — २०२५ च्या मार्चमध्ये ती आपल्यासाठी अगदी कडेवर आली होती, आता वर्षागणिक उघडताहेत, २०३२ च्या सुमारास पूर्ण फाकतील.

१८. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेव, पत्र्याच्या छपरावरून बघू नकोस — दिवसभर तापलेला पत्रा, स्लॅब रात्री ऊब सोडतात आणि तारा तव्यावरच्या थेंबासारखा थरथरतो. मोकळी मातीची जागा सगळ्यांत चांगली.

१९. ग्रह आणि चंद्र अंगणातून चालतील. मृगातला तेजोमेघ बघायला मात्र अमावास्येच्या आसपास सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतावर चल — यावलहून दक्षिणेकडे भुसावळचा उजेड आभाळ धुऊन टाकतो. केळीच्या बागेला चिकटून बसू नकोस, दव भिंगावर येतं. बिबट्याही केळीत येतो, तेव्हा एकटी जायचं नाही, आणि अभयारण्याच्या आत तर पाऊलही नाही.

२०. भिंग ओढणीनं पुसू नकोस; धूळ रबरी फुग्यानं उडव, आणि पावसाळ्यात घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव — ओरखडा जात नाही, बुरशीही सहजी जात नाही. रोहिण्या लागल्या की नवी दुर्बीण घेऊच नये. चार महिने ढगच बघशील.

२१. घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघ. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, दोन्हीकडे हौशी माणसं आहेत — अशा माणसाला 'दाखवता का' एवढंच विचारायचं असतं, मग तो रात्रभर सोडत नाही.

जानेवारीत इकडे ये. बामणोदच्या वांग्यांचं भरीत करू, अन् माझीच दुर्बीण बांधावर मांडू. तोवर पैसे मोडू नकोस. दुकानात गेलीसच, तर तिथूनच फोन कर; खोक्यावरचं नंतर वाच, आधी मला तिवईच्या पायांची जाडी सांग.