मर्ज अडला तर आधी मूळ शोधा

‘रिफ्यूझिंग टू मर्ज अनरिलेटेड हिस्टरीज’ असं म्हणून गिट अडून बसलं की इंटरनेटवर एकच उपाय आधी हाती लागतो : आज्ञेपुढे ‘अलाउ अनरिलेटेड हिस्टरीज’ हा पर्याय जोडा. तो जोडला की मर्ज पुढे सरकतो, यात खोटं काही नाही. पण त्यानंतर काय होतं ते मी एका प्रकल्पात जवळून पाहिलं आहे. नव्याने या कामात पडणाऱ्यांनी ते आधीच ऐकून ठेवावं.

ग्राहकाने आधीच्या टीमकडून कोडची झिप घेतली होती. तीत ‘डॉट गिट’ फोल्डर नव्हता, म्हणजे इतिहास नव्हता. नव्या टीमने ‘गिट इनिट’ करून त्याच फाइलींवर काम सुरू केलं. तिकडे जुन्या रेपोतही दुरुस्त्या चालूच राहिल्या. दोन्ही एकत्र करायची वेळ आली आणि गिटने नकार दिला. टीममधल्या एकाने तो पर्याय जोडला, तर कॉन्फ्लिक्टचा डोंगर समोर. मग ‘एक्स अवर्स’ लावून, म्हणजे कॉन्फ्लिक्ट होईल तिथे आपलीच बाजू ठेवून, तोही मिटवला. मर्ज झाला, टेस्टही पास झाल्या.

काही दिवसांनी बिलातली पैशांची जुनी चूक परत आली. जुन्या टीमने ती दुरुस्त केली होती, पण ती दुरुस्ती मर्जमध्ये गळून पडली होती. त्याहून वाईट म्हणजे, पासवर्ड असलेली जी सेटिंगची फाइल नव्या टीमने मुद्दाम काढून टाकली होती, ती पुन्हा रेपोत येऊन बसली होती.

असं का झालं? गिटचा मर्ज तिघांकडे बघून होतो : आपली बाजू, समोरची बाजू आणि दोघांचा समान पूर्वज. शेताचा बांध कोणी सरकवला हे ठरवायला जुना मोजणीचा नकाशा लागतो, तसाच हा पूर्वज. तो नसला की गिट रिकामी जागा पूर्वज धरतं. मग दोन्हीकडची प्रत्येक फाइल ‘नवीन’ ठरते. एकाच नावाच्या फाइलींत फरक असला की कॉन्फ्लिक्ट होतो, आणि कोणता बदल जुना, कोणता नवा हे कळायला मार्ग नसतो. खोडलेली फाइल तर दिसतच नाही. एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला नाही, म्हणजे ती नव्याने आली असंच गिट समजतं.

दुरुस्तीसाठी पुन्हा मर्ज करून पाहिला, तर उत्तर आलं : ‘ऑलरेडी अप टू डेट’. जुने कमिट आता इतिहासात नोंदले गेले होते, त्यामुळे गिटच्या लेखी काम संपलं होतं. ब्रँच मर्जच्या आधीच्या कमिटवर नेऊनच सुरुवात करावी लागली.

पूर्वजाविना मर्ज करणं मुळातच वाईट नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५मध्ये गिटके हा वेगळा प्रकल्प गिटच्याच रेपोत असा मर्ज केला होता. दोन्ही प्रकल्प खरोखर वेगळे होते, म्हणून ते शोभलं. २०१६च्या २.९ आवृत्तीपर्यंत गिट असे मर्ज न विचारता करत असे. त्यानंतर नकार हा नियम झाला, आणि मला तो योग्य वाटतो.

म्हणून नकार आला की आधी ‘गिट मर्ज-बेस’ चालवा. काहीच छापलं गेलं नाही तर पूर्वज खरंच नाही, की फक्त तुमच्या मशीनवर नाही, ते बघा. ‘डेप्थ १’ने क्लोन केलेला रेपो असला तर ‘गिट फेच अनशॅलो’ एवढंच पुरतं. पासवर्ड काढण्यासाठी कोणी पहिल्या कमिटपासून इतिहास नव्याने लिहिला असेल, तर जुना क्लोन त्यात मर्ज करू नका, तो पासवर्ड परत येईल. नवा क्लोन घ्या आणि आपले कमिट त्यावर चेरी-पिक करा.

झिपवाल्या प्रकरणात पूर्वज शोधता येतो. मजकूर तोच असेल तर गिटमध्ये ट्रीचा हॅशही तोच असतो. नव्या रेपोच्या पहिल्या कमिटचा ट्री-हॅश जुन्या रेपोच्या लॉगमध्ये शोधायचा. ओळींचे शेवट विंडोजवर बदलले असतील तर तो जुळणार नाही. मग झिप दिली त्या सुमाराच्या कमिटांशी डिफ करून सर्वांत कमी फरकाचा कमिट निवडायचा. ‘गिट रिप्लेस ग्राफ्ट’ने नव्या रेपोचा पहिला कमिट त्याला जोडला की मर्जला खरा पूर्वज मिळतो. तो जोड तुमच्याच मशीनवर राहतो, पण त्यावर केलेला मर्ज नेहमीसारखा पुश होतो. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला हेच केलं. मोजकेच कॉन्फ्लिक्ट उरले, आणि ते वाचून सोडवता आले.

कोड कोणाच्या हवाली करताना झिप देऊ नका. सर्व्हरवर प्रवेश देता येत नसेल तर ‘गिट बंडल’ वापरा. ते सगळा इतिहास एका फाइलीत बांधून देतं, आणि घेणारा त्या फाइलीवरून थेट क्लोन करू शकतो.