आल, अँथ्रासीन आणि आपलें रान

आमच्या बीबीकडील रानांत आज कापूस, तूर व सोयाबीन दिसतें. परंतु एके काळीं वऱ्हाडांत आल या रंगाच्या झाडाचीही लागवड होत असे, हें आतां थोड्यांसच ठाऊक आहे. झाड तीन-चार वर्षें जमिनींत ठेवून मग खोल खणून मुळ्या काढीत. बारीक मुळीस भाव अधिक. जाड मुळींत रंग फारसा नसे. तुरटीचें पाणी दिलेल्या कापडावर तिचा पक्का तांबडा रंग चढे.

हें पीक कशानें गेलें? किडीनें नव्हे, अवर्षणानेंही नव्हे.

दगडी कोळसा बंद भट्टींत तापविला असतां डांबर निघतें. त्यांत अँथ्रासीन नांवाचें द्रव्य असतें. त्यांत कार्बनाचे १४ अणु तीन जोडलेल्या कड्यांत बसलेले असतात. अशा कड्यांच्या द्रव्यांस रसायनशास्त्रांत ‘ॲरोमॅटिक’ म्हणजे सुगंधी म्हणतात. मात्र त्या नांवाचा वासाशीं आतां संबंध नाहीं. १८६८ सालीं जर्मनींत ग्रेबे व लीबरमन यांनीं अँथ्रासीनपासून अलिझरीन हा तांबडा रंग बनविला. तोंवर तो युरोपांत मंजिष्ठाच्या जातीच्या झाडाच्या मुळांतून काढीत. आल या झाडांतील मोरिंडोन हा रंग त्याच घराण्याचा. रंगाऱ्यास पक्का व स्वस्त रंग हवा होता. तो शेतांतून आला कीं भट्टींतून, याची त्यास पर्वा नव्हती. कारखान्याचा रंग बाजारांत आला आणि आपलें पीक मोडलें.

अँथ्रासीनापासून होणाऱ्या अँथ्राक्विनोनाच्या वर्गाचें काम मात्र वाढतच गेलें. कापसाचें कापड शुभ्र करण्यास हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. तें आज बहुतेक याच वर्गांतील द्रव्यांच्या साहाय्यानें तयार होतें. हीं द्रव्यें हायड्रोजन घेतात, हवेंतील ऑक्सिजनास देतात आणि पुन्हां त्याच कामास लागतात.

यावरून शेतकरी बंधूंनीं एवढें ध्यानांत घ्यावें. जें पीक एकाच द्रव्याकरितां विकलें जातें, तें द्रव्य कारखान्यांत केव्हां होऊं लागेल याचा नेम नाहीं. त्यांतही जमीन तीन-चार वर्षें अडली असेल, तर भाव पडल्यावर मागें फिरतां येत नाहीं. म्हणून औषधी किंवा सुगंधी वनस्पतीच्या लागवडीचा करार कोणी पुढें केल्यास भावाआधीं तीन प्रश्न विचारावे: यांतील कोणतें द्रव्य हवें आहे? तें कारखान्यांत बनतें काय? हा व्यापारी फिरला, तर दुसरें गिऱ्हाईक कोण? उत्तरें मिळेपर्यंत सही करूं नये, आणि मिळालीं तरी सारें रान एकाच पिकास देऊं नये.