त्यांची बोर, त्यांचे सदरे

प्रश्न : यजमान जाऊन वर्ष होत आलं. मेहरूणला अंगणात त्यांनी लावलेली बोर आहे, तिच्याकडे बघवत नाही. मुलगा म्हणतो, तोडू.

उत्तर : ताई, घाई नको. बोरीला नव्या फुटव्यावर फळ धरतं. एप्रिल-मेमध्ये मुलाला सोबत घेऊन छाटणी तुम्हीच करा. रडू आलं तर येऊ द्या. उन्हाच्या दुपारी त्यांच्या सदऱ्यांची गोधडी शिवा, एक सदरा मात्र तसाच ठेवा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तिशीत विधवा झाल्या. शेतात, जात्यावर राबता राबता त्या ओव्या रचत राहिल्या. कामाने दुःख सरतं असं मी म्हणणार नाही. हात गुंतले की आठवण सोसवते, एवढं नक्की. झोप, जेवण तुटलं किंवा जगणं नकोसं वाटलं, तर १४४१६ वर ‘टेलिमानस’ला लगेच फोन करा, तो मोफत आहे.