गादी बसली की कंबर धरते

कंबरदुखीच्या रुग्णाला मी इतर प्रश्नांबरोबर एक प्रश्न हमखास विचारतो : झोपता कशावर? सकाळी उठताना कंबर ताठलेली असते, थोडे फिरल्यावर मोकळी होते आणि पाहुण्यांकडे मुक्कामाला गेले की त्रास जाणवत नाही, असे उत्तर आले तर गोळ्यांआधी गादी तपासावी.

गादी का बसते?

अल्लीपूर-हिंगणघाटचा आपला भाग कापसाचा. घरची रुई भरलेली गादी आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरतात. झोपल्यावर शरीराचा सर्वांत जास्त भार कमरेखाली पडतो. तिथली रुई दबते, घामाने ओलसर होते आणि तिचे गोळे होतात. मग त्या खड्ड्यात कंबर खाली जाते, पाठीचा कणा वाकतो आणि रात्रभर स्नायूंवर ताण राहतो. काथ्याच्या किंवा फोमच्या गादीत बहुधा वरचा मऊ थर आधी बसतो. खालचा कठीण थर शाबूत असतो.

फळीवर झोपावे का?

‘गादी सोडा, फळीवर झोपा’ हा सल्ला जुना आहे, पण तो सर्वांना लागू नाही. स्पेनमधील डॉक्टरांनी जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेला अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गादी दिली होती. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. म्हणून खाली घट्ट आधार आणि वर थोडा मऊपणा, अशी गादी असावी.

काय करावे?

१) प्रथम खाट पाहावी. नवार किंवा सुतळी सैल असेल तर ती ताणून घ्यावी. दोन-तीन रात्री तीच गादी जमिनीवर टाकून झोपून पाहावे. आराम पडला तर दोष खाटेचा.

२) गादीवर आडवी सरळ काठी ठेवावी. काठीखाली मधोमध दोन बोटे सहज जात असतील तर गादी बसली असे समजावे.

३) रुईची गादी उसवून रुई पिंजून घ्यावी. वारंवार पिंजल्याने तंतू तुटून आखूड होतात, म्हणून गरजेपुरती नवी रुई मिसळावी. टाके जवळ-जवळ घालावेत, म्हणजे रुई सरकत नाही.

४) फोमचा वरचा थर बसला असेल तर तेवढाच काढून त्याच जाडीचा नवा घालता येतो. फोम घेताना जाडीबरोबर घनताही विचारावी. ३२ पेक्षा ४० घनतेचा फोम जास्त टिकतो. खालचा थरही खचला असेल तर मात्र गादीच बदलावी.

धुळीपासून जपा

जुन्या गादीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात. आपल्या त्वचेचा कोंडा हे त्यांचे खाद्य. त्यांच्या विष्ठेमुळे अनेकांना सकाळी शिंका येतात, दमा बळावतो. दमेकऱ्यांनी गादी उसवताना व रुई पिंजताना जवळ थांबू नये. काम करणाऱ्यांनी नाका-तोंडाला फडके बांधावे. खोळ कडक गरम पाण्यात धुवावी आणि गादीला दोन्ही बाजूंनी ऊन द्यावे. दिवाळीनंतर नवा कापूस येतो, हवाही कोरडी असते. या कामाला ते दिवस सोयीचे. मात्र वर्षाच्या आतील बाळाला मऊ गादीवर झोपवू नये. त्याला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे झोपवावे.

गादीला दोष देऊन थांबू नका

कंबरदुखीबरोबर बारीक ताप, वजन घटणे किंवा रात्री वाढत जाणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयही असू शकतो. चाळिशीच्या आतील माणसाची कंबर रोज सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ ताठलेली राहत असेल तर तो सांध्यांचा वात असू शकतो. अशा वेळी नवी गादी भरून वाट पाहू नये, तपासणी करून घ्यावी. पायातली शक्ती कमी झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी सेवाग्राम किंवा सावंगीसारख्या मोठ्या रुग्णालयात जावे. अशा वेळी उशीर झाला तर पाय कायमचे निकामी होऊ शकतात.