पडद्यावरचा गुडघा

गुडघ्याची हाडं, कूर्चा आणि अस्थिबंध यांचे संगणकात बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची समीकरणं मांडायची आणि भार दिल्यावर कुठे किती ताण येतो ते सोडवून घ्यायचं, हे माझं रोजचं काम. त्यात हळूहळू उमगलेलं थोडं काही.

१. शरीर म्हणजे मऊ पोलाद नव्हे. असे तुकडे करून सोडवण्याची ही फायनाइट एलिमेंट पद्धत रुजली ती विमानांच्या सांगाड्यांवर. टर्नर, क्लफ आणि सहकाऱ्यांचा १९५६चा गाजलेला निबंध त्यांच्याबद्दलच होता. तिथे धातू जेमतेम वाकतो. अस्थिबंध मात्र चांगला ताणला जातो, तोही तंतूंच्या दिशेनं एका तऱ्हेनं आणि आडवा वेगळ्याच. यूटा विद्यापीठातले स्टीव्ह मास, जेफ वाइस आणि कोलंबियातले जेरार्ड अटेशियन यांनी खास सजीव ऊतींसाठी ‘फेबायो’ हे सॉफ्टवेअर उभं केलं आणि सर्वांना खुलं ठेवलं, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

२. गुडघ्यातला भार बराचसा पाणी पेलतं. मला सगळ्यात जास्त चकित केलं ते यानं. कूर्चेच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणी. व्हॅन मो आणि सहकाऱ्यांनी १९८० साली कूर्चा म्हणजे घन जाळं आणि त्यातून झिरपणारा द्रव, अशी मांडणी केली. त्या जाळ्याची छिद्रं इतकी सूक्ष्म, की पाऊल टेकताच पाण्याला निसटायला वावच मिळत नाही. ते दाबाखाली येतं आणि भाराचा मोठा वाटा उचलतं. भार तसाच राहिला, तर पाणी सावकाश पाझरतं आणि ओझं घन जाळ्यावर सरकतं. म्हणून ‘कूर्चेवर ताण किती?’ असं कुणी विचारलं, की मी आधी विचारते, ‘कितव्या क्षणी?’

३. सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, मध्येच थांबतो, तेव्हाही तो काही सांगत असतो. ‘निगेटिव्ह जेकोबियन’ म्हणजे एखादा तुकडा चेपत चेपत उलटा झाला. तो कुठे झाला ते बघावं. बहुधा तिथेच कूर्चेचा किंवा मेनिस्कसचा, म्हणजे सांध्यातल्या गादीचा, पातळ काठ असतो.

४. ‘कन्व्हर्ज झालं’ म्हणजे समीकरणं सुटली, एवढंच. अस्थिबंध शरीरात मुळातच थोडे ताणलेले असतात. कापले की आखडतात. एमआरआयमध्ये आकार दिसतो, हा ताण दिसत नाही. तो न घालताही उत्तर येतं, रंगीत आणि देखणं. फक्त तो गुडघा खऱ्यापेक्षा सैल असतो. प्रयोगशाळेतल्या मोजमापाशी ताडून पाहिल्याशिवाय त्या रंगांवर माझा विश्वास बसत नाही.

५. प्रत्येक मॉडेल कुणातरी एकाचा गुडघा असतो. क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘ओपन नी’ या प्रकल्पाचं पहिलं मॉडेल एका वृद्ध स्त्रीच्या दान केलेल्या गुडघ्यावरून बनलं. जगभरचे अभ्यासक तो गुडघा उतरवून घेतात. त्या अनाम बाईंचं ऋण केवढं! पण आपल्याकडचं आयुष्य उकिडवं बसण्यात, मांडी घालण्यात जातं. उकिडवं बसलं की मांडी पोटरीवर टेकते आणि थोडा भार तिथूनच जातो, गुडघ्याला वगळून. नेहमीच्या मॉडेलमध्ये सांध्याच्या थोडं वर आणि थोडं खाली पायच कापलेला असतो, मांडी-पोटरी त्यात नसतेच. आता मी ती जोडायला घेतली आहे.